समुद्राला सातबारा नसतो

जून लागला की सांगलीच्या मासळी बाजारात दरवर्षी तोच प्रश्न ऐकू येतो. गेल्या वर्षी माझ्यापुढे एक काका उभे होते. बांगड्याचा दर ऐकून ते म्हणाले, "मागल्या आठवड्यात निम्म्यानं न्हेला की!" विकणाऱ्या मावशींनी बर्फ सारता सारता सांगितलं, "बंदी लागलीया. रत्नागिरीची गाडी बंद हाय. ह्यो बरफातला हाय. न्हायतर सुकट न्या." काका सुकटीकडे वळले, पण जाता जाता बोललेच, "समुद्र काय सरकारच्या मालकीचा हाय व्हय, बंदी घालायला?"

रागाने विचारलेला, पण नेमका प्रश्न. समुद्र कुणाचा, इथूनच मासेमारी धोरण सुरू होतं. आपण घाटावरची माणसं. आपला मासा आंबा घाट नाहीतर कुंभार्ली घाट चढून येतो, आणि तो ज्यांनी पकडला ती माणसं आपल्याला बातम्यांत दिसतात तेवढीच: कधी वादळानंतर, कधी मोर्चात, कधी पर्ससीन नावाच्या मोठ्या जाळ्याच्या वादात. पण ऊस, पाणी आणि बाजारभाव यांची भांडणं आपण जन्मापासून पाहतो. ती ज्याला कळतात, त्याला समुद्रातली भांडणं कळायला अवघड नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैचा माझा एक कॉलेजचा मित्र आहे. त्याच्या घरची गिलनेट जाळ्याची बोट आहे. तो बोलताना समुद्रातले शब्द वापरतो, मी ते शेतातल्या शब्दांत बदलून घेतो. हा लेख तसाच लिहिला आहे.

मालक नसलेलं शिवार

शेताला सातबारा असतो, बांध असतो. शेतकरी चांगलं बियाणं राखून ठेवतो, कारण पुढच्या हंगामातही ते रान त्याचंच असणार असतं. समुद्रातला मासा मात्र पकडेपर्यंत कुणाचाच नसतो. आज मी बोटभर पापलेट 'मोठं होऊ दे' म्हणून सोडलं, तर मोठं झाल्यावर ते मलाच मिळेल याची काही खात्री नाही. मागून येणारी बोट ते उचलेल. मग मी का सोडू?

जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शेजाऱ्याने चारशे फूट बोअर मारली की आपली विहीर आटते. मग आपण सहाशे फूट मारतो. तो आठशेवर जातो. प्रत्येकजण आपल्यापुरतं शहाणपणानेच वागतो आणि सगळ्यांचं मिळून गाव कोरडं पडतं. समुद्रात बोअरच्या जागी इंजिनाचे हॉर्सपॉवर आणि जाळ्याची लांबी येते, एवढाच फरक.

पूर्वी कोकणात याला रीत होती. पावसाळ्यात होड्या ओढून शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच लोटायच्या. यंत्राच्या बोटी आल्या, त्यांच्यासोबत कर्जाचे हप्ते आले, आणि नुसत्या रितीने कुणी थांबेना. १९७० च्या दशकात देशाच्या अनेक किनाऱ्यांवर यांत्रिक बोटी आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात संघर्ष पेटले. केंद्राने १९७९ मध्ये राज्यांना एक नमुना विधेयक पाठवलं. केरळ आणि गोव्याने १९८० मध्ये कायदे केले. त्यानंतर आला आपला महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. कोकणातलं आजचं जवळजवळ प्रत्येक भांडण या कायद्याच्या कुठल्या ना कुठल्या कलमापाशी येऊन थांबतं.

कुणाची हद्द कुठपर्यंत

समुद्रातलं अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. तिथून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत केंद्राचा अंमल. या दुसऱ्या पट्ट्याला 'विशेष आर्थिक क्षेत्र' म्हणतात. तिथून कुठल्याही देशाचं जहाज जाऊ शकतं, पण तिथला मासा पकडण्याचा हक्क आपल्या देशाचा.

गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा आणि पुढचा हायवे केंद्राचा, तसंच हे. रस्त्यावर निदान पाटी असते. पाण्यावर रेघ नसते, आणि बांगड्यांचा थवा हद्द पाहून वळत नाही. बाहेर मासेमारी करायची परवानगी असलेली बोट आत येऊनच बंदराला लागते. तिच्या पोटातला मासा तेराव्या मैलावरचा की आठव्या, हे धक्क्यावर उभं राहून कसं ओळखणार? तामिळनाडूने आपल्या हद्दीत पर्ससीनवर बंदी घातली, तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशात १२ मैलांपलीकडे, आठवड्यातले दोनच दिवस आणि तेही सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढीच मुभा दिली. शेतीच्या विजेला दिवस आणि वेळ ठरवून द्यावी, तसंच झालं.

केंद्राच्या पट्ट्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम आले. यांत्रिक आणि मोठ्या बोटींना आता तिथे जायला ऑनलाइन प्रवेश-पास लागतो. पारंपरिक आणि छोट्या बोटींना तो लागत नाही. खोल समुद्रातल्या मासेमारीत सहकारी संस्थांना प्राधान्य द्यायचं धोरण त्यात आहे. सहकारी साखर कारखानदारी पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला या वाक्यातली आशाही कळेल आणि जोखीमही. संस्था कुणाच्या हातात राहते, त्यावर सगळं ठरतं.

६१ दिवस

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून असते. त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात आपल्याकडे कधी कधी पूर्व किनाऱ्याचा मासा दिसतो. तो लांबून येतो, म्हणून महाग पडतो. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे, पण पावसाळी दर्यात वल्हवायची होडी किती आत जाणार?

बंदीची दोन कारणं आहेत. पहिलं साधं, खवळलेल्या समुद्रात माणसं मरतात. दुसरं असं की अनेक जातींचे मासे पावसाळ्याच्या आसपास अंडी घालतात. गाभण जनावर कत्तलीला कुणी देत नाही, त्यातलाच हा विचार. अंडी घालायला आणि पिल्लांना थोडं मोठं व्हायला उसंत मिळाली, तर ऑगस्टनंतर सगळ्यांच्याच जाळ्यात वजन येतं.

हे ६१ दिवस वाढवावेत, निदान १५ ऑगस्टपर्यंत न्यावेत, अशी मागणी कोकणातल्या अनेक मच्छीमार संघटनाच करतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'मच्छीमारांना नियम नको असतात' असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात ज्याच्या हाती लहान बोट आहे, तोच कडक नियम मागतो आहे. बंदीचा सगळ्यात जड भार मात्र त्याच्याच घरावर पडतो. मोठ्या मालकाला साठ दिवस थांबणं परवडतं. वाट्यावर जाणाऱ्या खलाशाला आणि मासे विकून घर चालवणाऱ्या बाईला परवडत नाही. केंद्राच्या योजनेत मच्छीमाराने स्वतःचे १,५०० भरायचे आणि सरकारने ३,००० घालायचे, असे तीन महिन्यांचे मिळून ४,५०० रुपये होतात. महिन्याला १,५०० रुपयांत घर कसं चालतं, हे घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. तामिळनाडू सरकार बंदीकाळासाठी कुटुंबामागे ८,००० रुपये देतं. तेही पुरेसे नाहीत, पण निदान सगळ्यांसाठी पाळलेल्या बंदीची किंमत एकट्या गरिबाने मोजू नये, एवढं तरी त्यात मान्य केलेलं आहे.

जाळ्याजाळ्यांत फरक

बातम्यांतले शब्द इथे डोक्यावरून जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

गिलनेट म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं सोडलेलं जाळं. मासा जाळ्याच्या भोकात, ज्याला 'आस' म्हणतात, डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. बारका मासा आरपार निघून जातो. डोल म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेलं नरसाळ्यासारखं जाळं. भरती-ओहोटीचं पाणी जे आणेल ते त्यात शिरतं. आपल्या आठवडी बाजारातले सुके बोंबील आणि जवळा बहुतेक या जाळ्यातले असतात. रापण सिंधुदुर्गातली. होडीने अर्धगोलात जाळं सोडायचं आणि किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांनी सगळ्यांनी मिळून ओढायचं. जे येईल त्याचे वाटे करायचे. ही तिन्ही जाळी मासा आपल्याकडे येण्याची वाट पाहतात.

आता दुसरी बाजू. ट्रॉल म्हणजे मोठी पिशवी बोटीमागून तळाला ओढत न्यायची. शेतात नांगर चालतो तशी ती तळावरून फिरते, आणि तिच्या वाटेत आलेलं सगळं पिशवीत जातं. पर्ससीन समजायला आजीचा बटवा आठवा. थव्याभोवती गोल भिंतीसारखं जाळं टाकायचं आणि खालून नाडी ओढायची. बटव्याचं तोंड आवळतं आणि अख्खा थवा आत राहतो. एलईडी मासेमारी म्हणजे जनरेटरवर मोठे दिवे लावून रात्री मासा गोळा करायचा. पहिल्या पावसानंतर आपल्या ट्यूबलाइटखाली पाखरं जमतात ना, तसा तो जमतो. लहानमोठा सगळाच.

इथे मला आपली म्हैसाळची उपसा सिंचन योजना आठवते. कालव्याच्या सुरुवातीला जो मोटर टाकून बसलाय त्याला पाणी मिळतं, टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटचा शेतकरी मात्र कोरड्या पाटाकडे बघत बसतो. मासा खोल पाण्यातून थव्याने किनाऱ्याकडे येतो. वाटेत बटवे आवळून बसलेल्या बोटी असल्या, तर किनाऱ्यालगतचा रापणकार आणि गिलनेटवाला हे समुद्राच्या टेलला बसलेले. त्यांनी काही चूक केलेली नसते. ते फक्त शेवटी असतात.

म्हणून कायद्याने समुद्र वाटून द्यायचा प्रयत्न केला. काही भागांत ५ वाव आणि काही भागांत १० वाव खोलीपर्यंतचं पाणी यांत्रिक ट्रॉलिंगला बंद. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरते तेवढी लांबी, सुमारे सहा फूट. एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. पर्ससीनसाठी राज्याने डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल घेतला आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने परवान्यांची संख्या खाली आणायचं ठरवलं. हंगामही सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला.

"एवढा मोठा समुद्र, मासा संपेल कसा?"

एक मादी लाखांनी अंडी घालते, मग तुटवडा कसला, असं लोक विचारतात. अंडी लाखांनी असतात हे खरंच. पण त्यांतून वाढून पुन्हा अंडी घालण्याच्या वयापर्यंत पोचतात ते अगदी थोडे. त्या थोड्यांनाच आपण आधी उचललं, तर पुढची साखळी तुटते. शिवाय मासा अख्ख्या समुद्रात सारखा पसरलेला नसतो. बहुतेक मासे किनाऱ्याजवळच्या उथळ, खाड्यांचं पाणी मिसळणाऱ्या पट्ट्यात असतात, आणि सगळ्या बोटीही तिथेच.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज काढते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ आली आणि बोटी कितीतरी दिवस धक्क्याला बांधून होत्या. म्हणजे सगळा दोष जास्त मासेमारीचा नाही. तापणारा समुद्र, वाढलेली वादळं, खाड्यांत सोडलेलं घाण पाणी, तुटलेली कांदळवनं यांचाही वाटा आहे. पण आधीच अशक्त असलेल्या माणसाला ताप जास्त सोसत नाही, तसं या साठ्याचं झालं आहे.

वादळाने द्राक्षबाग पडली तर तलाठी पंचनामा करतो. बोट फुटली तर तिचाही होतो. पण हवामान खात्याने 'समुद्रात जाऊ नका' सांगितलं म्हणून घरी बसलेल्या दिवसांचा, त्या दिवसांत न सापडलेल्या माशाचा पंचनामा कसा करणार? माझा मित्र एकदा म्हणाला होता, "तुमचं नुकसान रानात पडलेलं दिसतं. आमचं नुकसान पाण्याखाली असतं."

पाचशेच्या नोटेएवढं पापलेट

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा जाहीर केलं. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं. म्हणजे त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी हे माप १३५ मिलिमीटर आहे. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब असते. नोटेपेक्षा बोटाच्या रुंदीएवढं कमी, असं ते माप. केरळने हा मार्ग देशात सर्वांत आधी धरला.

यामागचा हिशेब ऊसवाल्याला लगेच पटेल. चार महिन्यांचा ऊस तोडून कारखान्याला घातला तर काय हाती लागेल? तोच ऊस वर्षभर उभा राहिला तर टनेज मिळतं. पापलेटाचंही तसंच आहे. पिल्लू असताना किलोमागे मिळणारा भाव आणि पूर्ण वाढल्यावरचा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि मोठं होईपर्यंत त्याने एकदा तरी अंडी घातलेली असतात.

मग लहान मासा का पकडतात? बऱ्याचदा तो मुद्दाम पकडलेला नसतो. ट्रॉलच्या पिशवीचे आस शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. जाळं ओढलं की ताण बसतो आणि ते मिटतात. मग भोकाचं माप कागदावर कितीही मोठं असो, पिल्लूही बाहेर पडत नाही. आस चौकोनी असले तर ताणाखालीही उघडे राहतात. एवढ्याशा बदलाने लाखो पिल्लं वाचतात, पण त्यासाठी जाळं बदलायचा खर्च मालकाला करावा लागतो. आणि बारका मासा अगदी वायाही जात नाही. तो फिशमीलच्या कारखान्यात जातो आणि दळून कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात येतो. पिल्लांनाही गिऱ्हाईक आहे, ही खरी अडचण.

"मोठ्या बोटवाल्यांनी काय जीव द्यायचा?"

हा आक्षेप मी हलका मानत नाही. पर्ससीनचे आणि ट्रॉलरचे मालक काही परदेशी नाहीत. तीही कोकणातलीच माणसं, बऱ्याचदा त्याच समाजांतली. त्यांनी कर्ज काढून बोटी बांधल्या. एकेका बोटीवर वीस-पंचवीस खलाशी असतात, त्यांत नेपाळहून आलेलेही असतात. बर्फ, डिझेल, वाहतूक, सगळा धक्का या बोटींवर चालतो. आपल्या सांगली-कराडच्या बाजारात रोज येणारा स्वस्त बांगडा आणि तारली बऱ्याच प्रमाणात त्यांच्याच जाळ्यातले. सरकारनेच एकेकाळी यांत्रिकीकरणाला अनुदान दिलं आणि आता त्याच बोटी जास्त झाल्या म्हणतं, ही त्यांची तक्रारही खरी आहे.

पण उसाला ठिबक करायला सांगताना आपण अनुदान देतो, तसं इथेही करता येतं. बोटी कमी करायच्या तर परवाना परत करणाऱ्याला मोबदला द्या, जाळं बदलायला पैसे द्या, खोल समुद्रात जायला साधनं द्या. नुसता परवाना कमी केला आणि माणसाला वाऱ्यावर सोडलं, तर तो रात्री चोरून जाणार. आणि त्याच्याआधी कर्नाटकातून आलेले हायस्पीड ट्रॉलर मालवणसमोरचा मासा घेऊन गेलेले असतील. मालवणच्या मच्छीमारांचं कित्येक वर्षांचं गाऱ्हाणं हेच आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही गरजा खऱ्या असल्या, तरी प्राधान्य टेलच्या माणसाचं. त्याला दुसरीकडे जायला इंजिन नाही.

कायदा आहे, मग अडतं कुठे?

सांगलीतून समुद्र जेवढा लांब, जवळजवळ तेवढाच तो धक्क्यावरच्या सरकारी कार्यालयातूनही लांब. शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर, रात्री, कोण कुठलं जाळं टाकतं हे पाहायला गस्ती बोटी मोजक्याच. १९८१ च्या कायद्यात दंड त्या काळाच्या मानाने ठरवलेले होते, आणि खटला तहसीलदारापुढे चालायचा. एका खेपेत लाखोंची मासळी मिळवणाऱ्याला जुना दंड म्हणजे टोल भरल्यासारखा वाटायचा. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेले आणि निवाड्याचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. जानेवारी २०२५ पासून ड्रोननेही नजर ठेवायला सुरुवात झाली. ड्रोनने पकडलेल्या बोटीवर शेवटपर्यंत कारवाई होते का, हे धक्क्यावरची माणसं आता रोज पाहत आहेत.

एक जागतिक उदाहरणही सांगतो, कारण त्यात धाकाचं दुसरं रूप आहे. ट्रॉलमध्ये कासवं अडकून मरतात. त्यांना बाहेर पडायला वाट ठेवणारी चौकट जाळ्यात बसवता येते. आपल्या बोटींवर ती नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. नियम आपण पाळला नाही तर किंमत दुसरं कुणी लावतं, आणि तीही खलाशाच्या वाट्यातूनच कापली जाते.

डिझेलपासून जिनिव्हापर्यंत

बोटीचा सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा. राज्य सरकार मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा देतं. परतावा म्हणजे आधी पूर्ण पैसे भरायचे, मग वाट पाहायची. ठिबकचं अनुदान वर्षवर्ष अडकल्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला पुढचं सांगायला नको.

जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये मासेमारीच्या अनुदानांवर निर्बंध घालणारा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो लागू झाला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपली बाजू अशी की समुद्र ओरबाडला तो श्रीमंत देशांच्या अजस्र जहाजांनी, आणि आता आखडतं घ्यायला लावताय आमच्या होडीवाल्याला. भारताने त्या वेळी जिनिव्हाच्या परिषदेत सांगितलेला हिशेब असा होता: इथे एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर अनुदान, काही श्रीमंत देशांत ४२,००० ते ७५,००० डॉलर. ही तुलना मला पटते. तरीही १५ डॉलर कमी आहेत हे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. तो आकडा हर्णैच्या धक्क्यावर वाचून दाखवला, तर लोक विचारतील, मग वाढवला का नाही?

"आता तर शेतीचा दर्जा मिळाला ना?"

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. कृषी दराने वीज, शेतीसारखं कर्ज, विमा, असे फायदे त्यात सांगितले आहेत. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड आधीच खुलं झालं होतं, आणि केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्याची सवलतीच्या व्याजाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेण्याची घोषणा झाली.

शेतीचा दर्जा म्हणजे काय, हे आपल्याएवढं कुणाला माहीत आहे! म्हणून नीट पाहू. कृषी दराची वीज ज्याच्याकडे मीटर आहे त्याला मिळणार, म्हणजे मत्स्यबीज केंद्र, तळी, बर्फाचा कारखाना यांना. जत-आटपाडीत शेततळ्यात मासे सोडणाऱ्या शेतकऱ्याला याचा थेट उपयोग आहे. लहान बोटीवरच्या माणसाला वीज कमी आणि डिझेल जास्त लागतं. कर्जाला तारण लागतं, आणि कित्येक कोळीवाड्यांच्या जागेचं सीमांकनच अजून झालेलं नाही. ज्या वाळूवर बायका पिढ्यान्‌पिढ्या मासे सुकवतात, ती वाळू कुठल्याच कागदावर त्यांची नाही.

बाजारभावाचंही तसंच. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे. हळदीला भाव नव्हता तेव्हा सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ती महिनोन्‌महिने ठेवता येत होती. मासा पेवात राहत नाही. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव लागतो, तेव्हा तासातासाला भाव उतरतो आणि बर्फ वितळत असतो. विकणाऱ्याला थांबायची सोय नसली की भाव घेणारा ठरवतो. शेतीच्या दर्जातून बंदरांवर शीतगृहं उभी राहिली, तर मला तो दर्जा खरा वाटेल.

जागाच गेली तर?

मासा राखला, नियम पाळले, तरी होडी लावायला किनारा लागतो. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. तिथले मच्छीमार अनेक वर्षं विरोध करत आहेत, कारण भराव आणि जहाजांची वर्दळ येते ती त्यांच्या जाळ्यांच्या जागी. धरणग्रस्ताला निदान बुडालेल्या जमिनीचा उतारा दाखवता येतो. कोयनेच्या विस्थापितांना उतारे दाखवूनही पुनर्वसनासाठी पिढ्या घालवाव्या लागल्या. ज्याच्याकडे उताराच नाही, त्या डोलकऱ्याने आपली खुंटी ठोकायची जागा कशी सिद्ध करायची?

सांगलीला याचं काय?

आपल्याकडे कृष्णा आहे, आणि नदीवर जगणारी भोई-कोळ्यांची घरंही. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. पुलावरून ते पाहायला गर्दी झाली. त्या दिवशी ज्याचं जाळं रिकामं झालं, त्याला भरपाई मागायला कुठल्या खिडकीवर जायचं हे माहीत नव्हतं. नदी कुणाची, मासा कुणाचा आणि घाण सोडणाऱ्याकडून हिशेब कुणी घ्यायचा, हे प्रश्न समुद्रापर्यंत जायच्या आधी आपल्याच घाटावर उभे आहेत.

गेल्या वर्षीची ती बंदी ३१ जुलैला उठली, पण पाठोपाठ श्रावण होता, म्हणून आमच्या घरी मासा आला तो श्रावण सरल्यावर. बाजारात त्याच मावशी होत्या. रत्नागिरीच्या गाड्या सुरू झाल्या होत्या, बांगडा आवाक्यात आला होता. कडेच्या घमेल्यात पापलेटं होती, चांदीसारखी चकाकणारी आणि लहान. मी खिशातून पाचशेची नोट काढून एका पापलेटाशेजारी धरली. तोंडापासून शेपटीपर्यंत ते नोटेच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त भरलं.

"मावशी, एवढी बारकी?"

"वरनंच अशी आल्यात," त्या म्हणाल्या. "मोठी आता येतच न्हाईत बघा पहिल्यासारखी. बांगडा देऊ?"